पाहुण्यांना कचरा कमी पडू नये म्हणून

असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माणूस एकदा दुभाषा म्हणून दोन मंडळींच्या मध्ये उभा राहिला की ते आपोआप साठत जातात. दोन्हीकडचं बोलणं त्याच्याच कानावरून जातं आणि काही बिघडलं की दोन्हीकडचे लोक त्याच्याचकडे बघतात! मित्रांत बसलो की मी एखादा सांगतो. मंडळी हसतात. मी घरी येऊन विचार करत बसतो, की यात हसण्यासारखं नेमकं काय होतं? आणि मी तरी तो बरोबर सांगितला का?

थोडी ओळख करून देतो. मी केजचा. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. पक्षी काय खातात यावर डॉक्टरेट केली, आणि पक्षी खरोखर तेच खातात का, ही शंका अजून गेलेली नाही. निवृत्तीनंतर एका परदेशी संस्थेकडून विचारणा झाली. त्यांच्याकडचे कॉलेजचे विद्यार्थी काही महिने परक्या देशात जाऊन स्वयंसेवा करतात. कचऱ्याचा पुनर्वापर आणि वन्यजीवांचं रक्षण, अशी दोन कामं. केजजवळच्या एका गावात दोघं येणार होते. तुम्ही त्यांचे मार्गदर्शक व्हाल का?

मी हो म्हणालो. का म्हणालो, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

पोळ्याच्या सुमारास दोघं आले. जोनास जर्मनीचा, प्रत्येक दारात वाकून शिरणारा. एमा हॉलंडची, बारीक चणीची आणि सारखं काहीतरी विचारणारी. संस्थेनं गावाबाहेर पत्र्याची शेड उभारून दिली होती. गावातला कचरा तिथं आणायचा, निवडायचा, गठ्ठे बांधून विकायचा. या कामावर गावातल्या कविताला घेतलं.

कविता आणि तिचा नवरा दत्तू दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. यंदा त्यांची पल्लवी दहावीला होती आणि मुलीपाशी ठेवायला घरात कुणी म्हातारं माणूस नव्हतं. पहिल्याच दिवशी कवितानं मला बाजूला घेतलं.

"सर, ही शेड चालली पायजे. शेड चालली तर म्या घरी ऱ्हाते, पोरीची धावी होती. न्हाई चालली तर पोरगी बी आमच्यासंग फडात. मंग झाली शाळा!"

संस्थेचं म्हणणं असं, की दिवाळीपर्यंत शेड भरलेली दिसली तर त्यांच्या मोठ्या मॅडम येऊन बघतील आणि काम पुढे चालू ठेवतील. नाहीतर बंद.

मी कविताला म्हणालो, "अगं, कचराच तर भरायचा आहे. त्यात काय अवघड?"

माझ्या बहुतेक चुकांची सुरुवात अशाच वाक्यानं होते.

*

पहिल्या दिवशी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. मागे भलंमोठं फ्लेक्स, त्यावर जोनास आणि एमाचे फोटो आणि खाली अक्षरं, 'प्लास्टिकमुक्तीच्या दूतांचे हार्दिक स्वागत'.

जोनासनं फ्लेक्सला हात लावून बघितला आणि मला हळूच विचारलं, "सर, हे प्लास्टिक आहे ना?"

मी म्हणालो, "हो. पण भावना कापडाची आहे."

हे मी का बोललो, कुणास ठाऊक! तो मात्र गंभीरपणे मान हलवत राहिला. मग म्हणाला, कार्यक्रम संपला की हेच आपण पहिला कचरा म्हणून शेडवर नेऊ. मलाही ते बरं वाटलं.

भाषणं संपून चहा होईपर्यंत फ्लेक्स गायब! दोऱ्यांसकट! आम्ही सगळीकडे विचारत फिरलो. दुसऱ्या दिवशी सापडलं. एका म्हशीच्या गोठ्याचं छप्पर गळत होतं, त्यावर ते ताणून बांधलेलं होतं. आतल्या बाजूनं जोनास आणि एमा म्हशीकडे बघून हसत होते.

जोनासनं मला मालकाला विचारायला लावलं, हे परत कधी मिळेल?

मालक म्हणाला, "परत? आवो, तीन पावसाळं जातंय ह्ये. फोटू बी चांगला हाय. म्हस दूध जास्त द्याया लागली."

*

मग आम्ही घरोघर कचरा मागायला निघालो. एमाच्या हातात नवंकोरं पोतं. मी पुढे, ती मागे. तिनं मराठीत एक वाक्य पाठ केलं होतं, "काकू, तुमच्याकडे टाकायचं काही आहे का?"

पहिल्या घरात तेलाचा रिकामा डबा दिसला. "त्यो? त्यात तुळस लावायची हाय."

दुसऱ्या घरात खताची गोणी. "ती पावसात डोक्यावर घ्यायला लागती."

फुटलेली बादली? त्यात शेळी पाणी पिते. जुनी साडी? वाकळीला. सायकलचा टायर? पोरं खेळतात, आणि पोरांचं खेळून झालं की चपलेला तळ. औषधाची बाटली? "तिच्यात राकेल."

एमा प्रत्येक उत्तरानंतर माझ्याकडे बघायची. मी काय सांगणार? मी तिला इंग्रजीत म्हणालो, "यांचा पुनर्वापर चालू आहे." ती म्हणाली, "मग आपण काय करायचं?" प्रश्न रास्त होता. मी चष्मा पुसला.

शेवटच्या घरी काकूंनी चहा दिला, ओंजळभर शेंगा दिल्या आणि एमाच्या हातातलं पोतं न्याहाळलं.

"पोतं चांगलं हाय गं बाय."

एमा हसून म्हणाली, "हो काकू."

"मंग ऱ्हाऊ दे हितंच. ज्वारी भराया हुतंय."

कचरा मागायला गेलो आणि होतं ते पोतंही देऊन आलो!

*

गणपती उठले तरी शेड रिकामी. कविता रोज झाडून घ्यायची. रिकाम्या शेडमध्ये झाडायला तरी काय असणार? ती झाडायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

एका सकाळी ती म्हणाली, "सर, मांजरसुंब्याला हायवेवर ढाब्याच्या मागं बगितलंय का कदी? नुसता डोंगर हाय कचऱ्याचा."

"पण तो या गावचा नाही ना कविता."

"मंग? पावनं येवढं इमानानं आले, कचऱ्यासाठी आले. त्यांला रिकामं पाठवायचं का? पावन्याला घरात साखर न्हाई तर शेजारून आणतोच की आपन!"



दुसऱ्या दिवसापासून मांजरसुंब्याला रोज ये-जा करणाऱ्या जीपच्या टपावर पोती यायला लागली. बाटल्या, कुरकुऱ्यांच्या पुड्या, चमचे, ग्लास. ढाब्याच्या मालकानं विचारलं म्हणे, "कावून नेता बे ह्ये?" जीपवाला म्हणाला, "गावात गोरे पाव्हणे हायत. त्यांला लागतंय." मालकानं दुसऱ्या दिवशी दोन पोती वेगळी बांधून ठेवली. चिठ्ठी वगैरे काही नाही, नुसता निरोप, "पावन्यांना माजा नमस्कार सांगा."

जोनास आणि एमा खूश! गावात जागृती होते आहे असं त्यांना वाटलं. मी सांगावं की न सांगावं, या विचारात मीही पोती उतरवायला हात लावू लागलो. घरी बायको म्हणाली, "डॉक्टरेट करून शेवटी कपड्यांना कसला वास आणलाय हा?"

*

मग ही बातमी भाऊंपर्यंत पोचली. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांचा वाढदिवस होता. एरवी कार्यकर्ते रुग्णालयात फळं वाटतात. यंदा त्यांनी कचरा वाटायचं ठरवलं!

ट्रॅक्टर आला. ट्रॉली काठोकाठ भरलेली. समोर नारळ फुटला. भाऊंनी ट्रॉलीला हार घातला. मला माइक दिला. मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण टाळ्या पडल्या, त्यामुळे काळजी जास्तच वाटली.

कार्यक्रम संपल्यावर एक कार्यकर्ता एमापाशी आला. मला म्हणाला, "सर, ताईला विचारा, पलीकडच्या गटानं किती दिला?"

मी विचारलं. एमा म्हणाली, दुसऱ्या कुणी काहीच दिलं नाही.

"देणार हायत. आमाला कळलंय. त्यांच्यापेक्षा आमची एक ट्रॉली जास्त धरा."

मी घाबरून कवितालाच विचारलं, आता हे थांबवायचं कसं? ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "थांबवू नका सर. दोघांत लागू द्या. शेड भरती!"

*

वन्यजीवांचा भाग एमाकडे होता. गावामागच्या माळावर खोकड आहे. म्हणजे लहान कोल्हा. त्याच्यासाठी तिनं एका बाभळीला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. समोरून काही हललं की फोटो.

आठवड्यानं आम्ही फोटो बघायला बसलो. पहिल्या फोटोत बापू. बापू म्हणजे गावातले एक वयस्कर गृहस्थ, माळावर शेळ्या चारणारे. दुसऱ्या फोटोत बापू. तिसऱ्यात बापू, या वेळी फेटा बांधून. मग काठी धरून. मग बाजूनं. एका फोटोत सगळ्यात देखणी शेळी कडेवर.

खोकड एका फोटोत होतं. तेही बापूंच्या मागे, अर्धं.

आम्ही बापूंना गाठलं. मी समजावलं, "बापू, तो कॅमेरा जनावरांसाठी आहे."

"व्हय ना. जनावराचा काढता, मानसाचं काय वावडं हाय का?"

"तसं नाही, पण रोज?"

"रोज कुटं? दाढी केली त्या दिशीच जातो."

मग म्हणाले, "सर, माजा एक बी फोटू न्हाई. उद्या मेलो तर पोरं हार कशाला घालतील? आधार कार्डाला?"

एमाला मी हे इंग्रजीत सांगितलं. मग केजला जाऊन तिनं फेट्यातला फोटो मोठा करून फ्रेममध्ये आणला. बापूंनी तो बघितला, नीट बघितला, आणि म्हणाले, "मागं ते खोकड कावून घुसलंय?"

*

खोकडाचं झाल्यावर एमानं ठरवलं, शेतकऱ्यांशी बोलायचं. काळवीट किती दिसतात, रानडुकरं किती, कुठून येतात. तिनं विचारायचं, मी मराठीत सांगायचं. एका झाडाखाली पाच-सहा जण जमले.

मी सांगितलं, की ही मुलगी जनावरांसाठी आली आहे.

एकदम सगळे सावरून बसले. एक जण म्हणाला, "बरं झालं. कवा नेता?"

"काय?"

"डुकरं! तुमचा तो लंबू कचरा नेतो. मंग ही बाय डुकरं नेणार. न्या की! माझ्या रानातली पैली धरा."

"आमची हरनं बी न्या. लई तुडवत्यात."

"आन मोर? मोर न्हेत्यात का? भुईमूग उकरून काढत्यात सर!"

मी घाईघाईनं म्हणालो, "न्यायला नाही, वाचवायला आली आहे."

मग एक म्हातारा अगदी सहानुभूतीनं एमाकडे बघत म्हणाला, "येवढ्या लांबनं? एकटीच? तिच्या घरच्यांला म्हाईत हाय का?"

मी याचं भाषांतर केलं नाही. एमानं विचारलं, ते काय म्हणाले? मी म्हणालो, ते तुझी काळजी करतात. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरं होतं का, याबद्दल माझी खात्री नाही.

*

दिवाळी झाली आणि मॅडम आल्या. संस्थेच्या मोठ्या बाई. वयानं माझ्याएवढ्या, पण पाठ ताठ. शेड तोपर्यंत पत्र्याला टेकेल इतकी भरलेली. गाव जमलेलं. कविता धुतलेल्या साडीत दारापाशी उभी, पल्लवी तिच्या मागे.

मॅडमनी कचऱ्याचा तो डोंगर बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"एवढ्याशा गावात इतका कचरा!"

आणि त्यांनी भाषण सुरू केलं. माणसानं गरजेपुरतं वापरावं. एखादी वस्तू लगेच फेकू नये. डब्यात झाड लावता येतं. जुन्या कपड्यांची पांघरुणं होतात. टायरच्यासुद्धा चपला होतात!

मला एकेक वाक्य मराठीत सांगावं लागत होतं. कुणाला? तर ज्या काकूंनी पोतं ठेवून घेतलं, त्यांना! माझा आवाज बारीक होत गेला. वाटलं, आता कुणीतरी उसळणार.

कुणी हललं नाही. सगळं गाव खाली मान घालून ऐकत राहिलं. बापू पुटपुटले, "चुकलंच आमचं." काकू म्हणाल्या, "पुन्यांदा न्हाई करनार." म्हशीचा मालक तर कानाला हात लावून उभा राहिला. कवितासाठी सगळ्यांनी ते अंगावर घेतलं होतं. हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात कविताच पुढे झाली.

"सर, मॅडमला सांगा, ह्यो कचरा आमचा न्हाई."

"कविता, थांब," मी म्हणालो. "शेड बंद करतील."

"करू द्या. पर ह्या लोकांनी कावून ऐकून घ्यावं? आमच्या घरात टाकाया काय हाय? ह्यो मांजरसुंब्याचा हाय, ढाब्यावरचा. थोडा भाऊंचा हाय. सांगा तुमी."

पल्लवीनं आईचा पदर धरला. मी मॅडमकडे बघितलं, गावाकडे बघितलं. मग सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. भाऊंचाही.

जोनासचा चेहरा लाल. एमा मात्र खाली बघून हसत होती. तिला केव्हापासून माहीत होतं, हे मला अजूनही तिनं सांगितलेलं नाही.

मॅडमनी विचारलं, "मग या गावात शेडचा उपयोग काय?"

कविता म्हणाली, "कायबी न्हाई! जितं कचरा हाय तितं न्या की शेड. रोजची जीप हाय. म्या सकाळी जाईन, दिवस मावळायला पोरीपशी परत येईन."

दुसऱ्या दिवशी मॅडमना आम्ही मांजरसुंब्याला नेलं. ढाब्यांच्या मागे उभं केलं. त्यांनी बघितलं. फक्त "ओ" म्हणाल्या. संध्याकाळी निर्णय झाला, शेड तिकडे हलवायची आणि कविताला त्या कामावर कायम ठेवायचं.

गावात पेढे वाटले. पेढ्याच्या रिकाम्या खोक्यावरून दोन बायकांचं भांडण झालं.

*

शेड उचलायच्या दिवशी रंगनाथ मुकादम आला. मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे देऊन कारखान्यांसाठी उसाच्या टोळ्या जमवणारा, आणि उचल घेऊन पळालेल्यांना दर वर्षी शोधत फिरणारा. डोळ्याला काळा गॉगल, मोटारसायकल थेट शेडपाशी उभी केली. जोनास एकटाच पत्रे सोडवून डोक्यावरून ट्रॉलीत नेऊन ठेवत होता.

"काय कविता, बिऱ्हाड बांधलं का न्हाई? परवा ट्रक निघतोय."

"म्या न्हाई येत औंदा, मुकादम. दत्तू येईल."

"आगं, जोडी म्हंजे कोयता. एकट्या दत्तूला घिऊन काय करू? अर्धा कोयता!"

"त्याचा चुलतभाऊ हुडका. पोरगी धावीला हाय. म्या हलत नसते."

मुकादमानं माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसायला घेतला. मग त्याची नजर जोनासकडे गेली आणि तिथंच राहिली. जोनासनं दोन पत्रे एकदम उचलले होते.

"सर, ह्यो गडी कुनाच्या टोळीतला?"

"टोळीतला नाही हो. विद्यार्थी आहे. जर्मनीहून आला आहे कामाला."

"लई लांबनं आनला! उचल किती दिली?"

"उचल वगैरे काही नाही."

"बरं, मंग रोज काय पडतो?"

"रोजही नाही. स्वयंसेवक आहे. फुकट काम करतो."

मुकादमानं गॉगल काढला. "येन्याजान्याचं भाडं?"

"ज्याचं त्यानं. विमानाचं."

"खानं?"

"मिळेल ते खातो. भाकरी आवडते त्याला. आणि इथं काम करायला मिळावं म्हणून उलट त्यानंच संस्थेकडे पैसे भरलेत."

मुकादम खाली पडलेल्या एका गठ्ठ्यावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. जोनास घामाघूम होऊन आला, त्याला हात जोडून "नमस्कार" म्हणाला आणि पुढचे पत्रे उचलायला गेला. कवितानं पदर तोंडाशी धरला होता. मुकादम त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्यानं मला जवळ बोलावलं, आजूबाजूला बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"आन सर... पळून बी जात न्हाईत?"